सुंदर वाटतं तेव्हा मेंदूत काय होतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चित्र, नजर आणि मेंदू या विषयावर कुठेही बोललं की तेच ते प्रश्न पुन्हा येतात. कधी व्याख्यानानंतर चिठ्ठीवर, कधी पत्रातून, कधी दारात गाठून. ते इथे एकत्र केले आहेत. प्रश्न विचारणाऱ्यांच्याच भाषेत ठेवले आहेत. दोन प्रश्नांचं उत्तर एकच असेल तिथे दुसऱ्या ठिकाणी फक्त क्रमांक दिला आहे.

१. न्यूरोएस्थेटिक्स म्हणजे काय? सौंदर्याचा विचार तर तत्त्वज्ञ करतात ना?

तत्त्वज्ञ विचारतात, सुंदर म्हणजे काय? इथला प्रश्न त्या मानाने लहान आहे. एखादी गोष्ट सुंदर वाटते त्या वेळी पाहणाऱ्याच्या मेंदूत काय चाललेलं असतं, आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाला तीच गोष्ट सुंदर का वाटत नाही? मराठीत याला चेतासौंदर्यशास्त्र म्हणता येतं, पण तो शब्द उच्चारेपर्यंत समोरचा निघून जातो, म्हणून इंग्रजी नावच रुळलं आहे.

नाव नवं आहे, १९९० च्या दशकाच्या अखेरीस रूढ झालेलं. मात्र पसंती मोजण्याची खटपट जुनी आहे. जर्मनीत गुस्टाफ फेख्नर यांनी १८७६ मध्येच सौंदर्यशास्त्र ‘खालून’ बांधायला घेतलं होतं. आधी तत्त्व आणि मग उदाहरणं, असं न करता आधी लोकांना काय आवडतं ते मोजायचं, नियम मागाहून शोधायचे. मेंदूत डोकावायचं साधन त्यांच्याकडे नव्हतं, एवढाच फरक.

२. या विषयात सेमीर झेकी यांचं नाव सतत येतं. त्यांनी नेमकं काय केलं?

झेकी हे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधले चेताशास्त्रज्ञ. त्यांची पहिली ओळख सौंदर्यासाठी नाही, रंगासाठी आहे. १९७० च्या दशकात माकडांच्या मेंदूवर काम करताना त्यांनी दाखवलं की दृश्याची माहिती एकाच भागात एकगठ्ठा हाताळली जात नाही. रंगाचं काम मुख्यतः व्ही-४ नावाच्या भागात होतं, हालचालीचं व्ही-५ मध्ये.

तिथून ते चित्रांकडे वळले. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा: उजेड, अंतर, कोन सतत बदलत असताना वस्तूचं न बदलणारं रूप मेंदू हुडकून काढतो, आणि चित्रकारही तेच करतो. म्हणजे चित्रकार हा नकळत मेंदूवर प्रयोग करणाराच. मला हे म्हणणं आकर्षक वाटतं आणि थोडं सैलही. ते बऱ्याच चित्रांना लागू पडतं, सगळ्यांना नाही. त्यांच्या प्रयोगांबद्दल प्रश्न ४ आणि १६ पाहा.

३. आपण डोळ्यांनी पाहतो. मग मेंदूला इतकं महत्त्व कशासाठी?

हात पुढे ताणून अंगठा उभा धरा. त्याच्या नखाएवढ्याच जागेत तुम्हाला बारकावे स्पष्ट दिसतात. बाकी सगळं दृश्य डोळा धूसरच टिपतो. ही उणीव भरून काढायला डोळे सेकंदाला साधारण तीन वेळा उडी मारतात, आणि त्या तुकड्यांतून अखंड चित्र उभं करण्याचं काम मेंदूचं असतं. म्हणजे आपण जे ‘पाहिलं’ म्हणतो ते बरंचसं रचलेलं असतं.

ही रचना कुठे मोडली तर काय होतं, हे रुग्णांकडून कळतं. १९८३ मध्ये जर्मन संशोधकांनी एका बाईंची हकिगत प्रसिद्ध केली. मेंदूच्या ठरावीक भागाला इजा झाल्यामुळे त्यांना हालचालच दिसेनाशी झाली होती. कपात ओतला जाणारा चहा त्यांना गोठल्यासारखा दिसे, आणि कप कधी भरला ते कळत नसे. रंग, आकार, चेहरे ओळखणं, सगळं जागेवर. डोळेही ठणठणीत.

४. मेंदूत सौंदर्याचं केंद्र सापडलं आहे, असं वाचलं. खरं आहे का?

अर्धवट खरं, म्हणून जास्त घोटाळा करणारं.

२००४ मध्ये हिदेआकी कावाबाता आणि झेकी यांनी लोकांना आधी बरीच चित्रं दाखवून सुंदर, कुरूप आणि मधली अशी वर्गवारी करायला सांगितली आणि मग तीच चित्रं स्कॅनरमध्ये दाखवली. प्रत्येकाची यादी वेगळी होती. तरीही ज्याला जे सुंदर वाटत होतं ते पाहताना डोळ्यांच्या खोबणीच्या वर असलेला, ऑर्बिटोफ्रंटल कॉर्टेक्स नावाचा भाग अधिक सक्रिय झाला. २०११ मध्ये तोमोहिरो इशिझू आणि झेकी यांनी २१ जणांना चित्रं आणि संगीत दोन्ही दिलं. सुंदर चित्र असो की सुंदर सुरावट, त्याच भागाचा एक तुकडा दोन्ही वेळी जागा झाला.

इथवर ठीक. पण भूक लागलेली असताना अन्न पाहिलं, पैसे मिळाले, सुगंध आला, तरी हाच परिसर कामाला लागतो. तो एखाद्या गोष्टीचं ‘आपल्यासाठी मोल किती’ हे तोलणारा भाग आहे. सौंदर्य हे त्याच्याकडे येणाऱ्या अनेक गिऱ्हाइकांपैकी एक. शिवाय हा भाग उजळला म्हणून समोरची वस्तू सुंदरच, असा उलटा निष्कर्ष काढता येत नाही. रसेल पोल्ड्रॅक यांनी २००६ मध्ये या उलट्या अनुमानाच्या धोक्यावर सविस्तर लिहिलं, तरी बातम्यांत ती चूक अजून होतेच.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे अंजन चॅटर्जी तीन व्यवस्थांचा मेळ मांडतात: इंद्रियांकडून येणारी माहिती, भावना व मोल, आणि अर्थ व ज्ञान. एका केंद्रापेक्षा हे चित्र मला वस्तुस्थितीच्या अधिक जवळचं वाटतं.

५. यंत्रात आडवं झोपून कुणाला चित्राचा आनंद घेता येतो का? हे प्रयोग विश्वासार्ह कसे मानायचे?

आक्षेप रास्त आहे. एफएमआरआयच्या नळीत माणूस उताणा असतो, डोकं हलवायचं नाही, यंत्राची धडधड चालू, आणि चित्र म्हणजे आरशातून दिसणारी छोटी प्रतिमा. मूळ चित्राचा आकार, रंगाचा थर, दालनातली शांतता, काहीच नाही.

मोजमापालाही मर्यादा आहेत. हे यंत्र चेतापेशी थेट पाहत नाही. सक्रिय भागाकडे वाढणाऱ्या रक्तातल्या ऑक्सिजनवरून अंदाज बांधतं, आणि तो बदल शिगेला पोचायला पाच-सहा सेकंद लागतात. दोन-तीन मिलिमीटरच्या एका ठोकळ्यात काही लाख पेशी असतात, त्यांची मिळून एक नोंद. ईईजी, म्हणजे डोक्याला तारा लावून मेंदूतले विद्युत संकेत टिपण्याची पद्धत, वेळेच्या बाबतीत कितीतरी चपळ, पण जागा सांगण्यात कच्चं.

म्हणून शहाणे संशोधक एकाच साधनावर विसंबत नाहीत. चुंबकीय स्पंद देऊन मेंदूच्या छोट्या भागाचं काम क्षणभर विस्कटताही येतं. इटलीत झायरा कात्तानेओ आणि सहकाऱ्यांनी वस्तूंचे आकार ओळखणाऱ्या भागावर असा स्पंद दिला. माणसं-वस्तू ओळखू येणारी चित्रं लोकांना किंचित कमी आवडली, अमूर्त चित्रांवर मात्र परिणाम झाला नाही. एखादा भाग नुसता सोबत उजळतो की खरोखर काम करतो, हे अशा प्रयोगांतून कळतं.

६. एखादं चित्र ‘छान आहे’ वाटणं आणि काळजाला भिडणं, यांत मेंदूत काही फरक पडतो का?

पडतो, आणि या क्षेत्रातला मला सर्वांत आवडणारा निष्कर्ष हाच.

न्यूयॉर्क विद्यापीठात एडवर्ड व्हेसल, गॅब्रिएल स्टार आणि नावा रुबिन यांनी २०१२ मध्ये १६ जणांना १०९ चित्रं दाखवली आणि प्रत्येक चित्र किती भिडलं याचे १ ते ४ गुण द्यायला सांगितलं. दृश्य हाताळणाऱ्या काही भागांतली हालचाल गुणांबरोबर पायरीपायरीने चढत गेली. त्यात नवल नाही. नवल दुसरीकडे होतं. डिफॉल्ट मोड नेटवर्क नावाची एक जोडणी आहे. आपण स्वतःच्या आठवणींत, विचारांत, मनोराज्यात रमतो तेव्हा ती चालते, आणि बाहेरच्या कामात लक्ष घातलं की सहसा मंदावते. १, २ आणि ३ गुणांच्या चित्रांना ती तशी मंदावली. ४ गुणांच्या चित्रांना मात्र तिचे काही भाग पुन्हा वर आले. तीनवरून चारवर जाताना पायरी नव्हती, उडी होती.

याचा एक अर्थ असा लावतात की क्वचित एखादं चित्र बाहेरून आत येतं आणि थेट ‘मी’पर्यंत पोचतं. २०१९ मध्ये याच गटाने चित्रं, वास्तू आणि निसर्गदृश्यं तिन्ही घेऊन पाहिली. भिडण्याची खूण या जोडणीत तिन्ही प्रकारांत सारखी सापडली, दृश्य हाताळणाऱ्या भागांत ती प्रकारागणिक वेगळी होती. लक्षात ठेवा, चौघांनी ज्यांना चार गुण दिले ती चित्रं चार वेगळी असतात. त्याचं कारण प्रश्न १२ मध्ये.

७. सुवर्ण गुणोत्तर वापरलं की रचना आपोआप सुंदर होते का?

नाही. १:१.६१८ या गुणोत्तराचा आयत फेख्नर यांच्या प्रयोगात दहा आयतांमधून सुमारे ३५ टक्के लोकांनी निवडला, हे खरं. पण नंतर हा प्रयोग पुन्हा करणाऱ्यांच्या हाती एकसारखं काही लागलं नाही. आयत कोणत्या क्रमाने, किती प्रकारचे मांडले यावरही निवड बदलते. शंखांवर, चेहऱ्यांवर, जुन्या इमारतींवर रेघा ओढून हे गुणोत्तर ‘सापडल्याची’ जी चित्रं फिरतात त्यांत रेघ कुठून सुरू करायची हे रेघ ओढणारा ठरवतो. मग काय हवं ते सापडतं.

८. सममिती आणि गोलाई सगळ्यांना आवडते म्हणतात. हा तरी पक्का नियम आहे ना?

कल आहे, नियम नाही.

मोशे बार आणि मायतल नेटा यांनी २००६ मध्ये एकाच वस्तूची दोन रूपं, एक टोकदार कडांचं आणि एक गोलसर, सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी वेळ दाखवली. लोकांनी गोलसर रूपं जास्त पसंत केली. पुढच्या वर्षी त्यांनी दाखवलं की टोकदार वस्तूंना भीतीशी संबंधित असलेला अमिग्डला हा भाग अधिक प्रतिसाद देतो. मात्र वस्तूच वाईट असेल, उदाहरणार्थ बॉम्ब, तर तो गोल असून उपयोग होत नाही. गोलाईचा फायदा साध्या किंवा सुखद वस्तूंपुरताच दिसतो.

सममितीचंही तसंच. नक्ष्यांच्या चाचण्यांत सर्वसाधारण लोक सममित नक्षी निवडतात. हेल्मुट लेडर आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये तसल्याच नक्ष्या कलेच्या जाणकारांपुढे ठेवल्या, तर त्यांनी असममित नक्ष्यांना अधिक सुंदर ठरवलं. नजर शिकते, आणि शिकली की तिची आवडही बदलते.

९. वाढवून-चढवून काढलेलं रूप, म्हणजे व्यंगचित्र किंवा शैलीदार मूर्ती, मूळ रूपापेक्षा जास्त का भावतं?

इथे एक पक्षी मदतीला येतो. हेरिंग गल नावाच्या समुद्रपक्ष्याच्या चोचीवर तांबडा ठिपका असतो. पिल्लू त्यावर टोच मारतं आणि आई खाऊ घालते. निको टिनबर्गेन यांच्या प्रयोगांत नुसती चोचीसारखी काठी दाखवली तरी पिल्लं टोच मारत, आणि तांबड्या काठीवर पांढरे पट्टे ओढले तर खऱ्या चोचीपेक्षाही जास्त उत्साहाने मारत. पिल्लाच्या मेंदूतला साधा नियम, ‘तांबड्याचा उठाव जितका जास्त तितकं बरं’, आईला सोडून काठीवर भाळला.

व्ही. एस. रामचंद्रन आणि विल्यम हर्स्टीन यांनी १९९९ मध्ये हाच धागा कलेपर्यंत नेला. चोळकालीन कांस्यमूर्तींतला कमरेचा बाक, अवयवांची लय यांचं उदाहरण देऊन त्यांनी म्हटलं की शिल्पकार स्त्रीरूपाचं वेगळेपण सरासरीपासून आणखी दूर नेतो. त्यासाठी त्यांनी ‘रस’ हा आपला जुना शब्दही वापरला. माझी तक्रार एकच. रस म्हणजे नुसतं वाढवलेलं लक्षण नव्हे, आणि सगळीच अतिशयोक्ती काही रसाळ नसते. कुठला गुण वाढवायचा हे कळण्यातच कलाकाराची करामत असते, त्याबद्दल पक्षी काही सांगत नाही.

१०. आवडता रंग कशावरून ठरतो?

तुमच्या आयुष्यात त्या रंगाच्या वस्तू कोणत्या आल्या, त्यावरून बऱ्याच अंशी. बर्कलीचे स्टीफन पामर आणि कॅरन श्लॉस यांनी २०१० मध्ये ३२ रंग घेतले. एका गटाकडून रंगांची आवड मोजली, दुसऱ्याकडून प्रत्येक रंग पाहून आठवणाऱ्या वस्तू लिहून घेतल्या, आणि तिसऱ्याकडून त्या वस्तू किती आवडतात ते विचारलं. वस्तूंच्या आवडीवरून रंगांच्या सरासरी आवडीतल्या चढउताराचा सुमारे ८० टक्के उलगडा झाला. निळा वरच्या टोकाला, कारण स्वच्छ आभाळ आणि पाणी. मळकट, काळसर पिवळा खालच्या टोकाला. त्या रंगाच्या काय काय गोष्टी असतात ते सांगायला नको.

पुढे असंही दिसलं की विद्यार्थ्यांना आपल्या विद्यापीठाचा रंग प्रतिस्पर्धी विद्यापीठाच्या रंगापेक्षा जास्त आवडतो, आणि विद्यापीठाचा अभिमान जितका जास्त तितका हा फरक मोठा.

‘मला लाल-हिरवा नीट ओळखता येत नाही, मग माझी आवड चुकीची का?’ असंही विचारतात. चुकीची नाही, वेगळी. २०१५ च्या एका अभ्यासात अशा पुरुषांची आवड निळ्याऐवजी पिवळ्याकडे झुकलेली आढळली. त्यांच्या डोळ्यांना जो रंग ठळक आणि निःसंदिग्ध दिसतो, तो त्यांना प्रिय.

११. मोनालिसा कधी हसते, कधी हसत नाही. हा मनाचा खेळ आहे का?

मनाचा नाही, नजरेच्या कोपऱ्याचा. हार्वर्डच्या मार्गारेट लिव्हिंगस्टन यांनी २००० मध्ये दाखवलं की ते हसू धूसर, ढोबळ छटांत दडलेलं आहे. तिच्या डोळ्यांकडे किंवा मागच्या देखाव्याकडे पाहा, ओठ नजरेच्या कडेला जातात. कडेची नजर ढोबळ छटाच टिपते (प्रश्न ३), म्हणून हसू दिसतं. थेट ओठांकडे पाहिलं की बारीक रेषा पुढे येतात आणि हसू विरतं.

त्यांचंच दुसरं उदाहरण घरी करून पाहण्यासारखं आहे. क्लोद मोने यांच्या १८७२ च्या सूर्योदयाच्या प्रसिद्ध चित्रातला केशरी सूर्य थरथरतो असा भास होतो. त्या चित्राची प्रतिमा मोबाइलवर कृष्णधवल करा. सूर्य जवळजवळ नाहीसा होतो, कारण त्याचा उजळपणा भोवतालच्या ढगांइतकाच आहे. रंग टिपणारी व्यवस्था म्हणते सूर्य आहे. जागा आणि हालचाल फक्त उजळपणावरून ठरवणारी व्यवस्था म्हणते इथे काही नाही. दोघींचं जमत नाही आणि सूर्य एका जागी ठरत नाही.

‘दुरून डोंगर साजरे’ हे ठिपक्यांच्या चित्रांबाबतही खरं आहे. दूर गेलं की बारकावे पुसले जातात आणि ढोबळ आकार बोलू लागतो.

१२. एकाला आवडतं ते दुसऱ्याला का आवडत नाही? आवड रक्तातच असते का?

‘व्यक्ती तितक्या प्रकृती’ हे सगळीकडे सारखं लागू पडत नाही, हीच यातली गंमत. व्हेसल आणि सहकाऱ्यांनी (२०१८) चेहरे, निसर्गदृश्यं, इमारती आणि चित्रं अशी तुलना केली. चेहरे आणि निसर्ग यांबाबत लोकांचं बरंच एकमत झालं. इमारती आणि कलाकृतींबाबत आवडी पांगल्या. निसर्गाने घडवलेल्या गोष्टींचा अर्थ आपल्या सगळ्यांसाठी साधारण एकच असतो. माणसाने घडवलेल्या गोष्टींचा अर्थ ज्याच्या त्याच्या आयुष्यातून येतो.

तरी चेहऱ्यांबाबतही उरलेले मतभेद कुठून येतात? २०१५ मध्ये ५४७ एकरूप आणि २१४ भिन्न जुळ्यांच्या जोड्यांचा अभ्यास झाला. वैयक्तिक आवडीतला फरक जनुकांपेक्षा अनुभवातूनच जास्त येतो असं दिसलं, आणि तोही एकाच घरात वाढल्याचा अनुभव नव्हे, प्रत्येकाच्या वाट्याला आलेला स्वतंत्र अनुभव. त्यामुळे जुळ्या बहिणींना वेगवेगळे चेहरे आवडले तर त्यात काही बिघाड नाही.

१३. एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली की आवडू लागते, की ‘अतिपरिचयात् अवज्ञा’?

दोन्ही, आणि दोन्हींचे पुरावे आहेत.

रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्ये दाखवलं की नुसत्या ओळखीने आवड वाढते. कॉर्नेलचे जेम्स कटिंग यांनी वर्गात इम्प्रेशनिस्ट चित्रांपैकी कमी प्रसिद्ध चित्रं जास्त वेळा दाखवली, काही विवेचन न करता. सत्राअखेर विद्यार्थ्यांचा नेहमीच्या प्रसिद्ध चित्रांकडचा ओढा ओसरला होता. यावरून काही जण म्हणू लागले की थोर चित्रं केवळ वारंवार छापली गेल्यामुळे थोर आहेत.

त्यावर २०१३ मध्ये एक खोडकर उत्तर आलं. आरन मेस्किन आणि सहकाऱ्यांनी समीक्षकांनी नावं ठेवलेल्या थॉमस किंकेड यांची चित्रं आणि नावाजलेल्या जॉन एव्हरेट मिले यांची चित्रं तशीच वारंवार दाखवली. किंकेड यांची चित्रं जितकी जास्त दिसली तितकी कमी आवडली. मिले यांची तशी घसरली नाहीत. म्हणजे पुन्हा पाहिल्यावर चित्रात काही उरतं की नाही, यावरही ठरतं.

कंटाळ्याचं एक संभाव्य कारण अर्व्हिंग बीडरमन यांनी मांडलं. पाहण्याच्या मार्गावर जसजसं अर्थ लागण्याच्या टप्प्याकडे जावं तसतशी ओपिऑइड ग्राहींची, म्हणजे सुखाशी संबंधित रसायनांना प्रतिसाद देणाऱ्या रेणूंची, दाटी वाढते. म्हणून अर्थ उलगडतो तेव्हा सुख मिळतं, आणि तेच दृश्य पुन्हा आलं की प्रतिसाद मंदावतो. गृहीतक म्हणूनच घ्या, पण सुरेख आहे.

१४. मोठ्या चित्रकाराचं नाव ऐकलं की लोक वाहवा करतात. हा निव्वळ ढोंगीपणा नाही का?

नेहमी नाही. २००९ च्या एका प्रयोगात त्याच धाटणीच्या अमूर्त प्रतिमा काही वेळा ‘कलादालनातल्या’ म्हणून आणि काही वेळा ‘संगणकावर बनवलेल्या’ म्हणून दाखवल्या. कलादालनाची पाटी लागली की गुण वाढले, आणि प्रश्न ४ मधल्या मोल तोलणाऱ्या भागाची हालचालही वाढली. लोक तोंडदेखलं बोलत नव्हते, त्यांना खरोखर जास्त छान वाटत होतं. ‘नावडतीचं मीठ अळणी’ या म्हणीतही हेच आहे. खाणाऱ्याच्या जिभेला ते खरंच अळणी लागत असणार.

हल्ली यात नवी भर पडली आहे. सगळ्याच प्रतिमा यंत्राने बनवलेल्या, पण निम्म्यांवर ‘माणसाने काढलेलं’ अशी पाटी लावली, तर त्या पाटीच्या प्रतिमा अधिक पसंत पडतात.

१५. अमूर्त चित्रं तर लहान मूलही काढेल. यात कौशल्य असल्याचा काही पुरावा आहे का?

आहे, माफक. अँजेलिना हॉली-डोलन आणि एलन विनर यांनी २०११ मध्ये नावाजलेल्या अमूर्त चित्रकारांची चित्रं लहान मुलांच्या आणि प्राण्यांच्या चित्रांशेजारी ठेवली. काही जोड्यांवर मुद्दाम उलट्या पाट्याही लावल्या. तरीही ६० ते ७० टक्के वेळा लोकांनी चित्रकाराचंच चित्र निवडलं, कलेचं शिक्षण नसलेल्यांनीसुद्धा. नुसता अंदाज लावला असता तर ५० टक्के. म्हणजे हेतू दिसतो. आणि तीस-चाळीस टक्के वेळा तो दिसत नाही, हेही त्याच आकड्यात आहे.

१६. गणिती सूत्र ‘सुंदर’ म्हणणं हा फक्त बोलण्याचा भाग आहे का? त्यात पाहण्यासारखं काय?

झेकी यांनी २०१४ मध्ये १५ गणितज्ञांना ६० सूत्रं दाखवली. सहकाऱ्यांत मायकेल अतिया हे थोर गणितज्ञही होते. ज्याला जे सूत्र सुंदर वाटलं ते पाहताना चित्र-संगीतात दिसलेलाच भाग जागा झाला. सर्वांत सुंदर ठरलं ऑयलर यांचं छोटेखानी समीकरण. आणि सर्वांत कुरूप ठरली रामानुजन यांची पाय या संख्येच्या व्यस्ताची अनंत श्रेढी. रामानुजन यांचा अपमान म्हणून यावर रागावणारी पत्रं येतात. रागावू नका. त्या श्रेढीत ९८०१, ११०३, २६३९० असे आकडे कुठून आले ते पाहणाऱ्याला पटकन उमगत नाही. ज्यांना ती आतून कळते ते तिच्यावर जीव टाकतात. सौंदर्य इथे समजण्याला चिकटून येतं.

१७. सौंदर्य क्षणात जाणवतं की विचार करावा लागतो? चित्रापुढे किती वेळ उभं राहावं?

पहिली पसंती-नापसंती क्षणात होते (प्रश्न ८ मधला प्रयोग पाहा). गाढ सौंदर्यानुभवाला मात्र लक्ष लागतं. एन ब्रिलमन आणि डेनिस पेली यांनी २०१७ मध्ये लोकांना सुंदर गोष्टी पाहताना दुसरं डोकेफोडीचं काम दिलं, दोन अक्षरांपूर्वीचं अक्षर पुन्हा आलं का ते ओळखण्याचं. सुंदर गोष्टी कमी सुंदर वाटू लागल्या. साध्या गोष्टींना मात्र काही झालं नाही.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत लोक एका नामांकित चित्रापुढे सरासरी २७.२ सेकंद थांबत होते, आणि निम्मे लोक तर १७ सेकंदांच्या आत पुढे सरकत होते. किती थांबावं याचा आकडा विज्ञान देत नाही. मोबाइल खिशात असावा, एवढं ब्रिलमन-पेली यांच्यावरून म्हणता येईल.

१८. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला चित्रं दाखवून काही उपयोग होतो का? त्याला आवड राहते का?

राहते. आंद्रेया हॅल्पर्न आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये अल्झायमर झालेल्यांना चित्रांची पोस्टकार्डं आवडीनुसार लावायला दिली आणि दोन आठवड्यांनी पुन्हा तीच दिली. आधी पाहिल्याचं त्यांना आठवत नव्हतं. क्रम मात्र जवळपास तोच लावला, निरोगी समवयस्कांइतक्याच सातत्याने. घरात असं कुणी असेल तर ‘हे आठवतं का?’ ऐवजी ‘यांतलं कोणतं आवडलं?’ विचारून पाहा.

१९. मग संगणक माझी आवड आधीच सांगू शकेल का?

काही प्रमाणात. कियोहितो इगाया आणि जॉन ओडोहर्टी यांच्या गटाने २०२१ मध्ये चित्रातल्या मोजता येण्याजोग्या गुणांवरून, म्हणजे रंगछटा, उठाव, चित्र किती ओळखू येण्यासारखं आहे अशांवरून, माणसांनी दिलेल्या गुणांचा अंदाज बांधला. तो निव्वळ अंदाजपंचे पद्धतीपेक्षा बराच सरस ठरला. पण ‘बरं वाटेल’ हे सांगणं वेगळं, आणि प्रश्न ६ मधलं चारपैकी चार सांगणं वेगळं. त्यासाठी प्रश्न १२ मधलं तुमचं आयुष्यही यंत्रात भरावं लागेल.

२०. मी चित्रकार आहे. माझी चित्रं लोकांना दाखवून त्यांचं स्कॅन केलं तर चित्र चांगलं आहे की नाही ते कळेल का?

नाही. पंधरा-वीस जणांचं मोल तोलणारं यंत्र त्या दिवशी किती हललं, ते कळेल. तेच चित्र वेगळ्या पाटीखाली ठेवलं तर आकडा बदलेल (प्रश्न १४), जाणकारांना दाखवलं तर पुन्हा बदलेल (प्रश्न ८), दहाव्यांदा दाखवलं तर आणखी बदलेल (प्रश्न १३). आणि त्यांना नुसतं विचारलं असतं तरी यातलं बहुतेक कळलं असतं, फार स्वस्तात. स्कॅनरचा उपयोग आवड कशी घडते हे शोधण्यासाठी आहे, चित्रांना गुण देण्यासाठी नाही.

प्रयोगात सहभागी म्हणून जायचं असेल तर जरूर जा. कानात बोळे देतात, ते नीट बसवून घ्या.